घाई कोणाला?

पत्ते म्हटले की उन्हाळ्याची सुट्टी, जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि झब्बू, मेंढीकोट, बदाम सात ही नावे आठवतात. या सर्व खेळांत एक गोष्ट इतकी गृहीत असते की तिचा उच्चारही कुणी करत नाही. कॅट एकच असतो. ५२ पाने सर्वांची मिळून असतात. ती पिसली जातात, वाटली जातात आणि इस्पिकचा एक्का या डावात माझ्याकडे तर पुढच्या डावात तुमच्याकडे येतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत पानांची संख्या १२० होते, पाने गोल होतात, हुकमाच्या जागी अवतार येतात. पण संच सामाईकच राहतो. म्हणून हरलेल्या माणसाला ‘पानंच आली नाहीत’ असे म्हणण्याची सोय असते.

ज्यांना ‘ट्रेडिंग कार्ड गेम’ म्हणतात त्या खेळांनी ही सोय अर्धीअधिक काढून घेतली. त्यांतला पहिला आणि माझ्या मते अजूनही सर्वांत बुद्धिमान खेळ म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. तो १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणितातला डॉक्टरेट, आणि काही काळ महाविद्यालयात शिकवणारा माणूस. (आपल्या व्यवसायातल्या कुणीतरी जगाला असे काही दिले, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.) पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी पाने होती, आज ती संख्या हजारोंत मोजावी लागते. खेळणारे दोघे समोरासमोर बसतात आणि दोघेही आपापला कॅट घरून घेऊन येतात. किमान ६० पाने, आणि साध्या जमिनी सोडल्या तर एकाच नावाची चारांपेक्षा जास्त नाहीत, एवढी अट सांभाळून कोणती पाने घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे सामना सुरू होण्यापूर्वीच दोघांनी एकेक संग्रह संपादित केलेला असतो. आणि संपादन म्हटले की आवडीनिवडी आल्या, आग्रह आले, भीतीही आली.

नियमांचा तपशील येथे देणे शक्य नाही. ते पुस्तक दोनशेहून अधिक पानांचे आहे. वाचकांसाठी एवढे पुरे की प्रत्येकाच्या नावावर आरंभी २० आयुष्य असते आणि ते शून्यावर आणणे हा खेळ. हातात सात पाने घेऊन सुरुवात करायची, आपली पाळी आली की एक पान ओढायचे, आणि एका पाळीत एकच जमीन मांडायची. जमिनीतून ‘माना’ नावाची शक्ती मिळते आणि तिच्या बळावर मंत्र टाकता येतात किंवा ‘क्रीचर’ म्हणजे लढणारे जीव मैदानात आणता येतात. जमिनी पाळीगणिक एकेकच वाढत असल्यामुळे महागडी पाने उशिरानेच वापरता येतात. अगदी पहिल्या पाळीत तुमच्या हातात ब्रह्मास्त्र असले तरी ते तसेच धरून बसावे लागते.

हा खेळ माझ्या घरी आला तो माझ्या भाच्याबरोबर. अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून तो २०२२च्या पावसाळ्यात आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या सामानात पुस्तके कमी आणि पानांचे डबे जास्त होते. वसतिगृहात ही मुले रात्र रात्र खेळत. पाने महाग, त्यामुळे त्याच्या संग्रहातली अर्धी पाने खरी आणि अर्धी रंगीत झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली होती. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर चालत. “मावशी, तू वाचनाचं शिकवतेस ना, मग हे तुला जमेल,” असे म्हणून त्याने माझ्यासाठी एक निळा-पांढरा कॅट बांधून दिला आणि स्वतः लाल घेतला.

लाल आणि निळा-पांढरा हे नुसते रंग नव्हेत, त्या दोन वृत्ती आहेत. लाल रंगाची पाने स्वस्त, तापट आणि घाईची. १९९६ साली अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने क्षुल्लक दिसणाऱ्या लाल पानांचा कॅट घेऊन दुसरा क्रमांक मिळवला, आणि तेव्हापासून या पद्धतीला ‘स्लाय’ हेच नाव पडले. तो कॅट मुळात जे श्नायडरने रचलेला. त्यामागचा विचार असा की पान किती थोर आहे यापेक्षा प्रत्येक पाळीतली शक्ती पुरेपूर वापरली जाते का, हे महत्त्वाचे. पहिल्या पाळीत एक मानाचे पान, दुसऱ्या पाळीत दोनचे, तिसऱ्यात तीनचे. एकही क्षण वाया नाही. याच्या उलट टोकाला त्याच सुमारास गाजलेला ब्रायन वाइसमनचा कॅट. त्याने जिंकण्यासाठी म्हणून जवळजवळ काहीच ठेवले नव्हते. दोन ‘सेरा एंजल’, बस्स. उरलेली पाने प्रतिस्पर्ध्याचे बेत हाणून पाडण्यासाठी आणि आणखी पाने ओढण्यासाठी. समोरच्याचे एक पान संपवताना आपले एकापेक्षा कमी खर्ची पडावे, हा त्याचा हिशेब. प्रतिस्पर्ध्याच्या हातातले सगळे सरले, की मग एक देवदूत सावकाश येणार आणि चार-चार आयुष्य काढत काम संपवणार.

लाल आणि निळा-पांढरा समोरासमोर आले की भूमिका उघड असतात. एकाने चढाई करायची, दुसऱ्याने थोपवायचे. खरा प्रश्न उभा राहतो तो दोन्ही कॅट एकसारखे असतात तेव्हा. १९९९ साली माइक फ्लोरेस या खेळाडूने याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. आज पाव शतकानंतरही या खेळाचा कोणताही गंभीर अभ्यासक तो वाचल्यावाचून पुढे जात नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वरवर समान दिसणाऱ्या दोन कॅटांतही प्रत्येक सामन्यात एक जण चढाई करणारा असतो आणि दुसरा थोपवणारा. ही भूमिका तुमच्या स्वभावाने ठरत नाही, समोर कोण आहे यावरून ठरते. आणि ती ओळखण्यात ज्याची गफलत होते तो सामना हरतो. ओळखायचे कसे? ज्याच्याकडे इजा करण्याची ताकद जास्त त्याने चढाई करावी. ज्याच्याकडे मारक मंत्र आणि पाने ओढण्याची साधने जास्त त्याने थोपवावे. या सगळ्याच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. खेळ लांबला तर कोण जिंकेल? जो जिंकेल त्याला घाई करण्याचे कारण नाही. उरलेल्याने घाई केलीच पाहिजे, मग त्याचा पिंड कितीही सोशिक असो.

या प्रश्नाचे मूर्त रूप म्हणजे ‘लायटनिंग बोल्ट’ नावाचे एक पान. एक लाल माना, तीन गुणांची इजा. कुणाला? मैदानातल्या क्रीचरला, किंवा थेट प्रतिस्पर्ध्याला. पानावरचा मजकूर एका ओळीचा आहे आणि त्यात संदिग्ध असे काहीही नाही. तरीही तो रोख कुठे वळवायचा यावर माणसे वर्षानुवर्षे वाद घालीत आली आहेत. सोस्यूरने भाषेतल्या मूल्याची कल्पना समजावण्यासाठी बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला, तो आपण वर्गात सांगतोच: सोंगटीचे मोल तिच्यात नसते, पटावरच्या इतर सोंगट्यांशी असलेल्या नात्यात असते. मला हल्ली वाटते की त्याला बोल्टचे पान अधिक उपयोगी पडले असते. बुद्धिबळाचा पट दोघांनाही पूर्ण दिसतो. येथे समोरच्याच्या हातातली पाने दिसत नाहीत. त्यामुळे आपल्या पानाचे मोल ठरवताना न दिसणाऱ्या गोष्टींचाही अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज समोरचा माणूस पान धरून किती वेळ थांबला, कोणती जमीन त्याने मोकळी ठेवली, अशा खुणांवरून करावा लागतो.

भाच्याला या पानाविषयी सांगताना मला आठवला तो कर्ण. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, आणि कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही युद्ध थांबले नाही, त्या रात्री कृष्णाने घटोत्कचाला पुढे केले. कौरवसेनेची दाणादाण उडाली आणि सगळे कर्णाकडे धावले. कर्णाने शक्ती सोडली, घटोत्कच पडला, पांडव शोकात बुडाले, आणि कृष्ण मात्र आनंदाने नाचू लागला. द्रोणपर्वातला हा प्रसंग मी अनेक वर्षे शिकवला आहे आणि कृष्णाच्या त्या नाचण्याने विद्यार्थी दर वेळी अस्वस्थ होतात. बोल्टच्या भाषेत सांगायचे तर प्रतिस्पर्ध्यासाठी ठेवलेले पान कर्णाला क्रीचरवर खर्चावे लागले. पण यात कर्णाचे चुकले, असे म्हणता येईल का? भाच्याला मी हेच विचारले. तो थोडा वेळ हातातली पाने लावत बसला आणि म्हणाला, “त्याच्याकडे दुसरं उत्तर होतं का? नाही ना! मग ते चुकणं नव्हे, त्याला थोपवायच्या भूमिकेत ढकललं. खेळला कृष्ण.” वर्गात इतके नेमके उत्तर मला क्वचित मिळाले आहे.

त्याच दिवसाची सकाळ पाहा. अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुनाने प्रतिज्ञा केली की उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. प्रतिज्ञेचे काव्य बाजूला ठेवले तर तिचा व्यूहात्मक परिणाम भयंकर आहे. त्या क्षणापर्यंत घाई कौरवांना होती. युधिष्ठिराला जिवंत पकडण्याचा शब्द द्रोणांनी दिला होता आणि दिवसामागून दिवस जात होते. अर्जुनाच्या एका वाक्याने घड्याळ त्याच्या हातावर आले. आता कौरवांनी जिंकण्याची गरजच उरली नाही, सूर्य मावळेपर्यंत टिकले की झाले. द्रोणांनी व्यूहात व्यूह रचून जयद्रथाला मागे ठेवले ते त्यासाठीच. आणि सूर्यास्ताच्या आत जयद्रथ पडल्यावर, त्याच रात्री, घटोत्कचाच्या रूपाने घड्याळ पुन्हा फिरले. एका अहोरात्रात भूमिका कितीदा बदलल्या! असो, महाभारताकडे वळले की मला परत यायला वेळ लागतो.

आमच्या टेबलावरचे डाव बहुतेक एकाच वळणाने जात. तो पहिल्या पाळीपासून तुटून पडे. चौथ्या पाळीपर्यंत माझे आयुष्य २० वरून ११ वर आलेले असे. मग माझ्या चार जमिनी पूर्ण होत आणि मी ‘रॅथ ऑफ गॉड’ टाके. त्याने मैदानातले सगळे जीव नष्ट होतात. त्याच्या हातात तोवर एखादेच पान शिल्लक असे, माझ्या हातात चार. येथून पुढे काळ माझ्या बाजूने. तो ओढेल त्या पानावर अवलंबून, आणि मी त्याच्या प्रत्येक पानाला उत्तर शोधत बसलेली. पण ‘काळ माझ्या बाजूने’ हे वाक्य वाटते तितके निर्धास्त नाही. ११ म्हणजे चार बोल्ट. त्याच्या लेखी माझे आयुष्य ही आकडेमोड होती: अजून चार पाने, अजून तीन पाने. मी सुरक्षित दिसत असले तरी पाळीगणिक तो एक पान ओढत होता, आणि अशा वेळी थोपवणाऱ्यालाही कधीतरी उठून देवदूत मैदानात आणावा लागतो. नाहीतर समोरच्याला हवी ती पाने मिळेपर्यंत आपणच त्याला मुदत दिल्यासारखे होते. ती वेळ नेमकी कोणती, हे मला आजही कोणत्या सूत्रात मांडता येत नाही.

कधी कधी आम्ही दोघेही लाल कॅट घेत असू. एका कॅटची दुसऱ्या पाकिटांत काढलेली झेरॉक्स, पान न् पान सारखे. फ्लोरेसचा प्रश्न येथे अगदी शुद्ध स्वरूपात येतो. ज्याची उतारी पहिली, त्याला पहिल्या पाळीत पान ओढता येत नाही, म्हणजे तो एक पाऊल पुढे आणि एक पान मागे. लांबलेल्या खेळात ते एक पान दुसऱ्याच्या उपयोगी पडते. म्हणून दुसऱ्याने आपले बोल्ट निमूटपणे समोरच्या क्रीचरांवर खर्चावे, श्वास घ्यावा, आणि पारडे फिरले की मग उलटून चाल करावी. हातात तीच पाने, पण वागणे सर्वस्वी वेगळे. भाच्याला हे पटत नसे. पहिला असो की दुसरा, त्याचा बोल्ट माझ्याकडेच येई. “लाल खेळायचं तर लालसारखं खेळायचं,” हे त्याचे तत्त्व. एकोणीस वर्षांच्या मुलाची ही निष्ठा मला आवडे, आणि तो हरे.

मात्र त्याच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती त्यानेच मला दाखवली. २००६ साली होनोलुलूच्या प्रो टूर स्पर्धेत उपान्त्य फेरीत इंग्लंडचा क्रेग जोन्स आणि फ्रान्सचा ऑलिव्हिए रुएल समोरासमोर होते. पुढच्या पाळीत रुएल जिंकणार हे दोघांनाही दिसत होते. जोन्सच्या हातात ‘चार’ हे पान होते. चार गुणांची इजा, आणि टाकणाऱ्यालाही दोन गुणांचा चटका. समंजस खेळाडूने ते एखाद्या क्रीचरवर टाकून एखादी पाळी मिळवायचा विचार केला असता. जोन्सने ते थेट रुएलवर टाकले. रुएलचे आयुष्य तीनवर आले. मग जोन्सने कॅटवरचे पान उलटले, आणि ते होते ‘लायटनिंग हेलिक्स’, बरोबर तीन गुणांच्या इजेचे. अंतिम सामना तो पुढे हरला, पण ते पान उलटण्याचा क्षण अजून लोक काढून पाहतात. यात दैव आहे हे उघड आहे. पण क्रीचरवर टाकले असते तर तेच हेलिक्स येऊनही सामना जिंकता आला नसता. जो मार्ग एकमेव आहे तो अरुंद आहे म्हणून सोडायचा नाही. तो खुला राहील अशा बेताने आधीचे पान टाकायचे. आपल्याकडे दैव आणि पुरुषार्थ यांवर भरपूर लिहिले गेले आहे, परंतु दोघांचे सांधे इतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण माझ्या वाचनात फारसे नाही.

या सगळ्या काळात ताईचा फोन दर रविवारी येत असे. “विचारलंस का त्याला?” एवढेच ती विचारी. अभ्यासक्रम पुन्हा सुरू करणार की सोडणार, हे विचारायचे होते. मी विचारत नव्हते. मला वाटे की काळ त्याच्या बाजूने आहे. एकोणीस म्हणजे काय वय झाले? मुलगा खातोपितो, हसतो, रात्री माझ्याशी दोन डाव खेळतो, हळूहळू बोलेल. ताईला हे मान्य नव्हते. भाऊजींच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यांच्या पगारातून जात होता. “तुमच्याकडे वेळ आहे गं,” ती एकदा म्हणाली, “आमच्याकडे नाही.” मला तिचे म्हणणे खोडता आले नाही. एकाच मुलाच्या बाबतीत दोघींच्या भूमिका भिन्न होत्या, आणि दोघींच्या भूमिकांना आपापला हिशेब होता. भाच्याचे स्वतःचे घड्याळ काय म्हणते, ते आम्हां दोघींपैकी कुणालाच दिसत नव्हते. ती त्याच्या हातातली पाने होती.

तो बोलला तो एका लाल विरुद्ध लाल डावात. उतारी माझी होती. पहिल्या पाळीत मी एक क्रीचर आणले. त्याने बोल्ट काढला, माझ्याकडे पाहिले, आणि तो माझ्यावर न टाकता क्रीचरवर टाकला. पुढच्या पाळीतही तेच. मी काही बोलले नाही. तिसऱ्या वेळी पान खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, “मावशी, बाबांना रिटायर व्हायला किती वर्षं आहेत?” मी सांगितले. त्याने ते बहुधा आधीच मोजलेले होते. मग तो बराच वेळ बोलला. यंत्रांविषयी त्याला काही वाटत नाही, गणितात वाटते, अभियांत्रिकी सोडून बी. एस्सी.ला गेला तर दोन वर्षे वाया गेली असे सगळे म्हणणार, आणि कर्ज तर राहणारच. मी ऐकत होते. माझी पाळी होती, पण ती तशीच राहिली. तो डाव आम्ही पूर्ण केला की नाही, ते आठवत नाही.

पुढचे मी थोडक्यात सांगते. ताई आणि भाऊजी एका शनिवारी आले. चौघांची बोलणी झाली, त्यांत रागवारागवीही झाली. कर्जाचा काही भाग आम्ही उचलावा असे मी सुचवले, ते भाऊजींना रुचले नाही, आणि ताईने ते रात्री स्वयंपाकघरात मान्य केले. जून २०२३मध्ये त्याने गणितासाठी प्रवेश घेतला. शुल्कासाठी तो शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतो. भाऊजी अजून त्याच्याशी मोजकेच बोलतात.

सुट्टीत येतो तेव्हा आम्ही खेळतो. निळा-पांढरा कॅट माझ्या कपाटात, संदर्भग्रंथांच्या मागे ठेवलेला असतो. वाइसमनच्या रीतीने त्यात दोनच देवदूत आहेत, आणि त्यांपैकी एक झेरॉक्स. दिवाळीला येताना तो काळ्या रंगाचा नवा कॅट बांधून आणणार आहे. त्यात काय आहे, ते सांगायला तो फोनवर तयार नाही.